दोन वॅटचे भालेराव

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या बिल्डिंगीत राहायला आलो आणि पहिल्याच रविवारी मी गच्चीवर एक गोधडी वाळत घातली. घरकामाला हात लावायचा झटका मला क्वचित येतो, आणि आला की घरातली माणसं बाजूला सरकून उभी राहतात. गोधडी सासूबाईंनी शिवलेली, लुगड्यांची. भिजल्यावर माणसाएवढी जड. गच्चीवर एक तार दिसली. पाण्याच्या टाकीमागच्या बांबूवरून निघून तिरकी खाली कठड्यापर्यंत आलेली, छान ताणलेली, तांब्याची. मनात म्हटलं, लोक किती व्यवस्थित आहेत इथले, कपडे वाळत घालायला तांब्याची तार. गोधडी टाकली, चिमटे लावले आणि खाली येऊन शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, अभिमानाने सांगितलं, झालं काम.

थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर एक बारीक, सावळे, साठी ओलांडलेले गृहस्थ. एका हातावर घडी करून आमची गोधडी, दुसऱ्या हातात तुटलेल्या तारेचं टोक. मी माफीची वाक्यं जुळवू लागलो. ते म्हणाले,

"गोधडी पिळलेली होती की तशीच?"

"पिळली होती. म्हणजे मला पिळता आली तेवढी."

"म्हणजे तशीच," शुभा आतून म्हणाली.

"तरीच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "तार तुटायच्या आधी सेट विचित्र वागायला लागला होता. मला वाटलं, माझंच काही चुकलंय. सगळा खोलणार होतो."

गोधडी माझ्या हातात देऊन ते गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण शुभाने ती उरलेली जबाबदारी पुढे आठवडाभर पार पाडली.

हे भालेराव. आमच्या डोक्यावरच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली. बायको वारलेली, मुलगी संघमित्रा लग्न होऊन बदलापूरला. बाहेरच्या खोलीत बुद्धाची एक छोटी मूर्ती, एक खाट आणि एक टेबल. टेबलावर सोल्डरिंगची गन, तांब्याच्या पत्र्याचे तुकडे, आणि त्यांच्या आयुष्याचं जे काही होतं ते. ते रेडिओ बनवायचे. ऐकायचे नव्हे, बोलायचे रेडिओ. गच्चीवरची ती तार म्हणजे त्यांची एरियल. सरकारी परीक्षा देऊन त्याचा परवाना मिळतो आणि परवान्याबरोबर अक्षरं-आकड्यांचं एक नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. मग त्या नावाने आकाशात हाक मारायची आणि कोणीतरी ओ देण्याची वाट बघायची. बहुतेक लोक तयार सेट विकत आणतात. भालेरावांना विकतच्या सेटवर बोलणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं प्रेमपत्र पाठवण्यासारखं वाटत असावं. असं ते म्हणाले नाहीत, मी म्हणतोय. ते म्हणायचे, "विकतचा कोणीपण आणंल."

त्यातही त्यांचा हट्ट असा की ताकद दोन वॅटच्या वर न्यायची नाही. मला वॅट वगैरे काही कळत नाही, तेव्हा त्यांनी आमच्या देवघराकडे बोट दाखवलं. "तो तुमचा झिरोचा बल्ब आहे ना, तो याच्या कितीतरी पट खातो." मी म्हटलं, मग एवढ्याशात जाणार किती लांब? त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. बिल्डिंगीत कोणी भांडत असलं, टीव्हीवर कोणी ओरडत असलं, तरी मला हेच वाक्य: "आवाज वाढवायचा नाही, सावंत. कान वाढवायचा."

सामान उल्हासनगरातच मिळायचं. भंगारवाल्यांकडे जुन्या कॉम्प्युटरच्या पेट्या किलोवर यायच्या. त्यांतल्या काळ्या लोखंडी कड्या भालेराव वेचून आणायचे आणि त्यांच्यावर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची बारीक तांब्याची तार गुंडाळत बसायचे. गुंडाळताना बोललेलं चालायचं नाही. मी बोलायचो. मग ते सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, एक शब्द न काढता. मला वाटतं माझ्यामुळे त्यांच्या एकेका कडीला दोन-दोन जन्म घ्यावे लागले असतील.

एकदा ते शुभाकडे आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, मिसळणाचा जुना डबा आहे का? स्टीलचा. वाट्यांसकट."

"मोहरी-हळदीचा?"

"हां. झाकण घट्ट बसणारा पाहिजे."

शुभाने दिला. पुढच्या आठवड्यात त्या डब्यात सेट उभा राहिला होता. प्रत्येक वाटीत सेटचा एक-एक भाग. एका वाटीतल्या भागाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये, म्हणून मध्ये स्टीलच्या भिंती हव्या होत्या, आणि त्या या डब्यात आयत्या होत्या. शुभा तो बघून इतकी खूश झाली की नवा डबा घेताना दुकानदाराला म्हणाली, "रेडिओला चालेल असा दाखवा." सेट तापला की खोलीत किंचित हिंगाचा वास यायचा.

त्यांची एक सवय मात्र आत्ताच सांगून ठेवतो. त्यांच्याकडे कधीही दोन सेट नसायचे. नवा बांधायचा तर जुना मोडायचा, त्याचेच भाग काढून घ्यायचे. मी म्हटलं, एक जपून ठेवावा की अडीनडीला. ते म्हणाले, "दोन असले की माणूस एकाकडे पण नीट बघत नाही."

आणि हे सगळं कोणासाठी? तर गुहागरजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या जोगळेकरांसाठी. जोगळेकर तारखात्यातले, जुने तारमास्तर, भालेरावांपेक्षाही मोठे. तेही घरीच बांधलेल्या तेवढ्याच ताकदीच्या सेटवर बसायचे. रोज सकाळी, दूधवाला येऊन गेला की, या टोकाला भालेराव आणि त्या टोकाला जोगळेकर. बोलणं तोंडाने नाही. टिंब आणि रेघ, कट्ट-कडकट्ट, तारेसारखं. बोलायचे तरी काय? मी एकदा सगळं समजावून घेतलं आणि निराश झालो. हा म्हणायचा, तुमचा आवाज असा-असा येतोय. तो म्हणायचा, तुमचा असा-असा. हा हवा सांगायचा, तो हवा सांगायचा. शेवटी दोघं सात आणि तीन असे दोन आकडे पाठवायचे. या मंडळींत जगभर त्याचा अर्थ आपल्या 'लोभ असावा' सारखा आहे. संपलं. वर्षानुवर्षं रोज हेच.

"भेटला नाहीत कधी?" मी विचारलं. "विठ्ठलवाडी डेपोत चौकशी केली तरी गाडी सापडेल."

"भेटून काय बोलणार?"

"पण माणूस कसा आहे, ते तरी—"

"कळतं ना. हातावरून कळतं." जोगळेकर शेवटची रेघ जरा लांबवायचे म्हणे, सारवताना शेवटचा हात लांब फिरवतात तसा. "सर्दी झालेली असली तरी कळतं. सुनेशी वाजलेलं असलं तरी कळतं."

मी आणखी खोदलं. मला खोदायची वाईट सवय आहे. म्हटलं, तुम्ही भालेराव, ते जोगळेकर, इतक्या वर्षांत कधी काही... आणि वाक्य अर्ध्यावर सोडून मी कडीकडे बघत बसलो.

ते तार गुंडाळत होते. चक्क बोलले. "कॉल साइनला आडनाव नसतं, सावंत." मग एक वेढा घालून, "कार्डाला असतं." पहिल्यांदा बोलणं झालं की एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवायची पद्धत असते, नाव, पत्ता, सगळं लिहून. "माझं कार्ड पाठवलं तेव्हा वाटलं होतं, बघू. त्यांचं उलट टपाली आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला होते. तेवढंच बघायचं होतं मला." आणि हातातली तार उलगडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या कार्डावर जोगळेकरांचा फोन नंबरही होता. दोघांनी तो न वापरण्याचं ठरवलेलं होतं. म्हणजे रेडिओच्या बाबतीत फोन करायचा नाही. सुरुवातीला एकदा आवाज पोचत नव्हता, तेव्हा जोगळेकरांनी फोन करून विचारलं होतं, आता पाठवतोय, येतंय का? आणि भालेरावांना लगेच ऐकू यायला लागलं होतं. नंतर कळलं की जोगळेकरांची तार गळून पडलेली होती, तिथून काही निघतच नव्हतं. "फोन आला की कान खोटं बोलतो," भालेराव म्हणाले. "काय ऐकायचंय ते आधीच कळतं, मग तेच ऐकू येतं." तेव्हापासून तो नियम. मला तो फार थोर वाटला होता. मी ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलाही.

आता आमच्या बिल्डिंगीबद्दल सांगायला हवं. आम्ही आलो तेव्हा भालेरावांच्या हेडफोनमध्ये नुसती मंद खसखस असायची, आणि तिच्यातून जोगळेकर स्वच्छ यायचे. मग एकेक वस्तू येत गेली. एलईडीच्या ट्यूबा, इन्व्हर्टर, वायफायचे डबे, लिफ्टचं नवं यंत्र. तळमजल्यावर जीन्स शिवायचा गाळा होता, त्यात नव्या मोटारींची शिलाई मशिनं आली. आपल्याला यातलं काही ऐकू येत नाही. भालेरावांच्या कानात प्रत्येक वस्तूची एक गुरगुर यायची. ती वाढत गेली आणि जोगळेकर तिच्यात गळ्यापर्यंत बुडाले.

मग भालेराव खिशात मावणारा ट्रान्झिस्टर घेऊन गुरगुर शोधत घरोघरी फिरायला लागले. बेल वाजवायची, नमस्कार करायचा, भिंतीजवळ ट्रान्झिस्टर फिरवायचा आणि म्हणायचं, "जरा मेन स्विच बंद करता?" लोकांना वाटलं विजेची चोरी पकडायला माणूस आलाय. एका बाईंनी त्यांना प्रसाद दिला; घरातली काही बाधा-बिधा बघताहेत असा त्यांचा समज झाला होता.

पहिल्या मजल्यावर हिरो अंकल राहायचे, सोसायटीचे चेअरमन. खरं नाव हिरानंद, सिंधी, सगळ्यांना 'साईं' म्हणायचे. जीन्सचा गाळा त्यांच्या पुतण्याचा. मीही त्या दिवशी बरोबर होतो, मध्यस्थ म्हणून. माझी मध्यस्थी म्हणजे मी सोफ्यावर बसून सरबत प्यालो. ट्रान्झिस्टर दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीजवळ गेला आणि करवतीसारखा किंचाळला.

"अंकल, ही लाइट."

"भालेराव साईं," हिरो अंकल म्हणाले, "मछली को अंधेरे में बिठाऊँ? तुम्हारे दोस्त के लिए?"

"अंधेरे में नहीं. एक कडी डालनी पडेगी वायर में."

"दोस्त बोलता क्या है, जिसके लिए इतना घूमता है?"

भालेरावांनी विचार केला. "हवा कैसी है, बोलता है."

"वो तो मेरा मोबाइल भी बोलता है."

पण कडी घालू दिली. गुरगुर थांबली आणि नंतर हिरो अंकल येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कडी दाखवायचे, मछली का ताबीज म्हणून. आमच्या घरी मात्र काही सापडणार नाही, याची मी छाती ठोकून खात्री दिली होती. बिल्डिंगीतली सगळ्यात भयंकर गुरगुर माझ्या फोनच्या चार्जरची निघाली. फूटपाथवरून घासाघीस करून घेतलेला. शुभाने तो माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पण एक बंद करावी तोवर दोन सुरू व्हायच्या. शेजारी टॉवर उभा राहिला. त्याच्या गच्चीवर सोलर आलं, त्याचं यंत्र सूर्य उगवला की बोलायला लागे, म्हणजे बरोबर भालेरावांच्या वेळेला. टॉवरच्या सेक्रेटरीने ट्रान्झिस्टर बघून वॉचमनला हाक मारली. त्या दिवशी भालेराव जिन्यात भेटले तेव्हा पायरीवर बसलेले होते. म्हणाले, "किती घरांत जायचं, सावंत. आता मलाच लाज वाटते." त्यांचा आवाज इतका हळू होता की मला खाली वाकावं लागलं.

शुभा म्हणाली, "ताकद वाढवा ना काका थोडी."

"माझी वाढवून काय? माझं त्यांना जातंय. तिकडे शांत आहे, खेडं आहे. त्यांचं मला येत नाही, ही गोष्ट आहे."

"मग त्यांना वाढवायला सांगा."

"त्यांना कशाला शिक्षा," ते म्हणाले. "बहिरा मी आहे."

आणि गणपतीच्या दिवसांत जोगळेकर यायचे बंद झाले.

भालेरावांना त्यात आश्चर्य वाटलं नाही. चौकाचौकात मंडप, माळा, जनरेटर. त्या गदारोळात कोण ऐकू येणार. विसर्जन झालं, माळा उतरल्या. जोगळेकर नाहीत. पितृपंधरवडा शांत गेला. नाहीत. भालेराव रोज सकाळी हाक मारायचे. मला आमच्या छतातून ती कट्ट-कडकट्ट ऐकू यायची. टिंब-रेघ वाजवायची त्यांची चावी, हॅक्सॉच्या पात्याची केलेली, टेबलावर वाजायची. हाक मारायचे, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा हाक. दाढी करता करता मीही थांबायचो.

"आजारी-बिजारी नसतील ना?" मी विचारलं.

"दोन दिवस असतो माणूस आजारी. इतके दिवस? नाही. ते येतायत. माझ्यापर्यंत पोचत नाहीयेत. सेट बहिरा होत चाललाय. कडी तडकली असेल, नाहीतर सोल्डर सुटलं असेल कुठेतरी."

"एक फोन करा," शुभा म्हणाली.

"नाही, वहिनी."

"ठरलंय ते कळतं मला. पण—"

"फोन केला तर ते म्हणणार, मी रोज पाठवतोय. मग मला उद्यापासून रोज ऐकू येणार. येत नसताना पण." ते हसले. "आधी कान दुरुस्त करतो. मग बघू."

नवरात्रात टॉवरवर वरपासून खालपर्यंत माळा सोडल्या आणि हेडफोनमध्ये नुसता धबधबा सुरू झाला. भालेरावांनी सेट खोलला. मी वर गेलो तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे भाग मांडलेले होते, पोस्टमार्टेम केल्यासारखे. डबा रिकामा.

"फक्त ऐकायचा भाग खोलायचा होता ना," मी म्हटलं. मलाही आता चार शब्द येत होते. "हाक तर जात होती."

"दोन्हीचा रस्ता एकच आहे. निम्म्या वाट्या सामाईक. अर्धा नाही खोलता येत." मग म्हणाले, "आणि मी हाक मारून फायदा काय? त्यांनी ओ दिली तरी मला ऐकू येणार नाही. उगाच म्हातारा माणूस ओ देत बसतो. त्यापेक्षा थोडे दिवस गप्प बसू. त्यांनापण आराम."

थोडे दिवस लांबले. मनासारखी कडी मिळेना. ते मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ-बाजारात जाऊन आले, अंबरनाथच्या जुन्या सहकाऱ्याकडे जाऊन आले. हिरो अंकलनी कुठलंसं बंद पडलेलं मशीन त्यांच्या दारात आणून टाकलं, "देखो साईं, इसमें से कुछ निकलता है क्या." निघालं. दसरा गेला, कोजागिरी गेली. भालेराव एवढे वाळले की शुभाने रोज एक डबा वर पाठवायला सुरुवात केली आणि मी तो घेऊन जायला लागलो. ते जेवायचे आणि जेवता जेवता हाताने हवेत तार गुंडाळायचे. मी कधी नव्हे तो गप्प बसायला शिकलो.

दिवाळीच्या माळा उतरल्या त्या आठवड्यात सेट पुरा झाला. सकाळीच त्यांनी मला हाक मारली, शुभालाही. हेडफोन माझ्या कानाला लावला. आत इतकी शांतता होती की मला माझ्या श्वासाचा आवाज आला. आणि त्या शांततेत लांबवर, अगदी बारीक, कोणीतरी कट्ट-कडकट्ट करत होतं.

"हे केरळ," भालेराव म्हणाले. बटण जरासं फिरवलं. "हे लंकेतलं कोणीतरी." त्यांचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता. "असा सेट मी आयुष्यात बांधला नव्हता, वहिनी. टाचणी पडलेली ऐकू येईल." त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि जोगळेकरांना हाक मारली.

थांबले. पुन्हा मारली.

बराच वेळ आम्ही तिघं उभे होतो. मग त्यांनी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला, आणि त्याच्याकडे बघत राहिले. आता सेटचा दोष राहिला नव्हता. त्यांनी भिंतीवरचं जोगळेकरांचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "सावंत, तुम्ही लावा. मला नंबर दिसत नाही नीट."

मी लावला, स्पीकरवर ठेवला. एका बाईने उचलला. मी म्हटलं, जोगळेकर आहेत का, आम्ही उल्हासनगरहून बोलतोय.

"उल्हासनगर?" ती म्हणाली. "म्हणजे... ते रेडिओवाले का हो तुम्ही? सकाळचे?"

"मी नाही. भालेराव. इथेच आहेत."

"मी सून त्यांची. बाबा गेले हो. कोजागिरी झाली न, त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग तीच पुढे सांगायला लागली. "गणपतीत झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा पण गेली. तुमचा नंबर कुठे शोधायचा कळेना. त्यांना विचारावं तर बोलता येत नाही. पण सकाळ झाली की त्या टेबलाकडे बघत राहायचे. मग ह्यांनी खुर्चीत बसवून ते कानाला लावून दिलं. तुमचं आलं की असे खूश व्हायचे हो. मला पण बाहेर बारीक ऐकू यायचं. डाव्या हाताने मांडीवर वाजवायचे तसंच. उत्तर देतात असं वाटायचं."

भालेराव फोनजवळ वाकले. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "शेवटपर्यंत त्यांना ऐकू येत होतं?"

"हो हो. तुम्ही बंद होईपर्यंत येत होतं," ती म्हणाली. आपण काय सांगतोय याची तिला काही कल्पना नव्हती. "नवरात्रात तुम्ही बंद झालात न, तरी रोज बसायचे. मी ते बटण फिरवून बघायची, आमच्याकडलंच बिघडलं की काय म्हणून. मग एके दिवशी त्यांनीच डाव्या हाताने ते कानावरचं काढलं आणि परत लावू दिलं नाही. जेवण पण सोडलं मग." मग तिने मायेने विचारलं, "तुम्हाला बरं नव्हतं का हो?"

"हो," भालेराव म्हणाले. "बरं नव्हतं."

"आता बरं आहे न?"

"आता बरं आहे."

"काळजी घ्या," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी काहीतरी बोलणार होतो. शुभाने माझा दंड धरला. भालेरावांनी सेटचं बटण बंद केलं, हेडफोनची वायर गुंडाळली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आमच्यासाठी चहा ठेवला. चहा चांगला झाला होता. ते मला आजही कळत नाही, इतका चांगला चहा कसा झाला होता.

त्यानंतर छतातून आवाज आला नाही. बिल्डिंगीत एकदा वीज गेली, सगळ्या गुरगुरी एकदम थांबल्या, तेव्हाही नाही. संघमित्रा आली आणि त्यांना बदलापूरला घेऊन गेली. सामान बांधताना तिने विचारलं, "बाबा, हे घ्यायचं?" ते म्हणाले, "चालू आहे तो. राहू दे." आयुष्यातला सगळ्यात चांगला सेट बंद घरात राहिला, आणि घराची किल्ली हिरो अंकलकडे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. बदलापूर गावाच्या बाजूला आता टॉवरच टॉवर झालेत, त्यांतल्या एकात खूप वर त्यांचं घर. बाल्कनीतून नदी दिसते, पलीकडे डोंगर, मध्ये काही नाही. मी बाल्कनीत उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "काका, तार टाकायला केवढी जागा आहे इथे." शुभाने माझ्याकडे बघितलं. भालेराव म्हणाले, "हो. ऐकू चांगलं येईल इथे." आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीवर चारजण एकाच वेळी ओरडत होते. आवाज मोठा होता. तो त्यांनी कमी केला नाही.

"बाबा आता अगदी शहाण्यासारखे राहतात," संघमित्रा म्हणाली. "वेळेवर जेवतात. नवा मोबाइल दिलाय, तो शिकले."

निघताना ते लिफ्टपर्यंत आले. अंग अजून बारीक झालेलं, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लिफ्ट आली, आम्ही आत शिरलो, तेव्हा त्यांनी दारावर हात ठेवून ते अडवून धरलं.

"सावंत, मोबाइल चालू असतो ना तुमचा?"

"असतो की."

"सकाळी पण?"

"सकाळी पण."

"बरं," म्हणाले आणि हात काढला. दार बंद होईपर्यंत ते तसेच उभे दिसले, आमच्याकडे नाही, लिफ्टच्या आकड्यांकडे बघत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन येतो. रोज, दूधवाला येऊन गेला की. "ऐकू येतंय?" मी म्हणतो, येतंय. ते म्हणतात, "बरं." हवा विचारत नाहीत, लोभ असावा नाही, काही नाही. ठेवून देतात. पहिले काही दिवस मला गलबलून यायचं. पण माणूस मी असा की गलबलूनही कंटाळतो. परवा दाढीचा साबण तोंडाला लावलेला होता, फोन वाजायला लागला, आणि मी शुभाला म्हटलं, वाजू दे, उद्या बोलीन.

शुभा पोळ्या लाटत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"उचला," ती म्हणाली. "नाही उचललात तर ते स्वतःचाच फोन खोलून बसतील."